टक्केटोणपे खाल्लेले जंतू



चेन्नईच्या टी. नगरात शनिवारी संध्याकाळी व्याख्यान ठेवणं हे धाडसाचं काम आहे. मांबळम स्टेशनात उतरायचं, रंगनाथन स्ट्रीटची गर्दी कापायची, उस्मान रोडवरच्या साड्यांच्या दुकानांकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं आणि मग या सभागृहात येऊन जंतूंविषयी ऐकायचं. सगळ्यांना ते साधलेलं दिसत नाही. काही खुर्च्यांखाली मला साड्यांच्या पिशव्या दिसताहेत. असू द्यात. साडीचा विषय माझ्या व्याख्यानात येणार आहे, पण अगदी शेवटी. तोवर पिशव्या सांभाळा.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्यांचं नाव मंडळाच्या कार्यवाहांनी आत्ताच घेतलं. आपण मात्र त्यांना कायम ‘मास्तर’च म्हणत आलो. मास्तर गणित शिकवायचे, जंतुशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. पण गणेशोत्सवाच्या जेवणात शेवटची पंगत उठली की ते आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहत आणि ओरडत, “पातेलं फोडा!” म्हणजे काय, तर पातेल्यात उरलेला भात ताबडतोब चार परातींत पसरा. झाकून ठेवू नका, सकाळी बघू म्हणू नका. आम्ही हसायचो. एका वर्षी मास्तर मुलीकडे गेले होते. मसालेभाताचं पातेलं झाकण ठेवून रात्रभर तसंच राहिलं. सकाळी कुणीतरी उत्साहाने त्याला खमंग फोडणी दिली, आणि दुपारच्या आत आम्ही सातआठ जण ओकाऱ्यांनी आडवे झालो. आम्ही म्हणजे त्यात मीही होतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून पोट भरणारा माणूस, आणि दोन वेळा मागून घेतला होता मी तो भात!

मास्तर परत आल्यावर एवढंच म्हणाले, “अरे, फोडणी भाताला बसली. पातेल्याच्या पोटात जे रात्रभर शिजलं त्याला कुठे बसली?”

आजचं व्याख्यान म्हणजे मास्तरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जंतूला छळलं की तो एकतर मरतो, नाहीतर शिकतो. अन्नातून होणाऱ्या आजारांची निम्मी गोष्ट या ‘नाहीतर’मध्ये आहे. शास्त्रात ‘जिवाणू’ म्हणतात, मी आज घरातला ‘जंतू’ हाच शब्द वापरणार आहे. चार मुद्दे मांडतो: आपण जंतूला कसं छळतो, तो त्यातून काय शिकतो, ते शिकलेलं आपल्या शरीरात कसं वापरतो, आणि चौथा मुद्दा आपल्या या शहराचा, १९९२ सालच्या मद्रासचा.

पहिला मुद्दा. आपण जंतूला कसं छळतो?

स्वयंपाकघरात आपण पदार्थ रुचकर करतो असं आपल्याला वाटतं. जंतूच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या छळाचे जितके प्रकार शक्य आहेत ते सगळे आपण तिथे मांडून ठेवले आहेत. आच लावली की त्याच्या अंगातली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात, अंड्याचा पांढरा बलक कढईत पडल्यावर होतो तसा. मीठ घातलं की त्याच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्याची फोड आक्रसते, तसाच तो आक्रसतो. आंबट घातलं की आम्लाचे कण त्याच्या आत घुसतात आणि आतला सारा कारभार बिघडवतात. उन्हात वाळवलं की पाणीच नाही. थंडीत ठेवलं की त्याचं आवरण थिजतं, डिसेंबरात तूप थिजतं तसं.

पापड, लोणचं, आमसूल, सुकट, ताक. आपल्या आज्यांनी ‘जंतू’ हा शब्द ऐकला नव्हता, पण त्याला कसं हैराण करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तंजावरकर पाहुणे समोर आहेत म्हणून सांबाराची गोष्ट काढतो. व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठ्यांची गादी स्थापली, आणि पुढे त्या राजवाड्यात आमटीला लागणारं आमसूल संपलं, म्हणून कुणीतरी चिंच घातली आणि सांबार जन्माला आलं, असं तुम्ही सांगता. इतिहासकार यावर मान डोलावतील असं नाही. मला मात्र या कथेत एक गोष्ट फार आवडते: आमसूल गेलं तरी आंबट गेलं नाही. कोकणात आमसूल, देशावर ताक, इथे चिंच. उष्ण प्रदेशातला स्वयंपाक आंबटाला सोडत नाही.

इडलीचंच घ्या. रात्रभर पीठ फुगतं तेव्हा त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे आपले मित्रजंतू आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात बरेचसे उपद्रवी जंतू मागे पडतात. सकाळी वर वाफ. आधी आंबट, मग आच, असे दोन तडाखे. आणि प्रवासाचा दहीभात? इथल्या गृहिणी भातात दही थोडं आणि दूध जास्त घालतात, म्हणजे दुपारी डबा उघडेपर्यंत दुधाचं दही होतं आणि भात फार आंबट लागत नाही. युक्ती मोठी सुरेख आहे. पण जंतुशास्त्राच्या भाषेत ती शर्यत आहे. दूध आंबट होईपर्यंतचे चार तास दुसऱ्या कुणालाही मोकळे असतात. डब्यात दही चांगलं आणि हात स्वच्छ असले तर आपले मित्र जिंकतात. नसले तर?

इथून दुसरा मुद्दा सुरू होतो. छळातून वाचलेला जंतू काय शिकतो?

१९६२ साली फेरुच्चो रिटोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्याच्या प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचं तापमान चुकून वाढवलं होतं. पेशी मरण्याऐवजी एकदम कामाला लागलेल्या दिसल्या. पुढे कळलं की उष्णतेचा झटका बसला की पेशी काही खास प्रथिनं भराभर बनवते. उलगडलेल्या प्रथिनांना सावरणं, पुन्हा घडी घालणं, जे सावरता येत नाही त्याची विल्हेवाट लावणं ही त्यांची कामं. ही सोय माशीत आहे, माणसात आहे आणि जंतूतही आहे.

आता नीट ऐका, कारण आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. आंबटाचा एकदम मोठा घाव घातला तर साल्मोनेला मरतो. हा टायफॉइडच्या कुळातला, अंडी आणि कोंबडीतून येणारा जंतू. पण त्याच साल्मोनेलाला आधी काही वेळ किंचित आंबट पाण्यात ठेवा, आणि मग तोच मोठा घाव घाला. आता त्यातले पुष्कळ तग धरतात. आधीच्या थोड्या आंबटाने त्यांना सावध केलं, त्यांनी तयारी केली. १९९०च्या सुमारास हे प्रयोगांनी सिद्ध झालं. आणि त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. आंबटाला सरावलेला साल्मोनेला उष्णतेलाही जास्त चिवट निघतो आणि मिठालाही. एका संकटाची तालीम त्याला दुसऱ्या संकटात उपयोगी पडते.

हे कसं होतं? बऱ्याच जंतूंत ‘सिग्मा एस’ नावाचं एक प्रथिन असतं. त्याला आपण गावचा कोतवाल म्हणू. उपासमार होवो, आंबट लागो, मीठ वाढो, तो एकच दवंडी पिटतो, आणि वाढीची कामं थांबवून तटबंदीची कामं सुरू होतात. दुष्काळाला वेगळा कोतवाल आणि पुराला वेगळा, अशी चैन जंतूला दरवेळी परवडत नाही.

आतड्यात राहणारा ई. कोलाय तर आणखी हुशार. आम्लाचा कण आत शिरला की तो ग्लुटामेट नावाच्या पदार्थात बांधून टाकतो, आणि तयार झालेला माल बाहेर फेकून नवं ग्लुटामेट आत घेतो. होडीत पाणी शिरत असताना कोळी बादलीने उपसत राहतो ना, अगदी तसं. आणि हे ग्लुटामेट त्याला कुठे मिळतं? टोमॅटोत, चीजमध्ये, चायनीजच्या गाडीवरच्या पांढऱ्या पुडीत. म्हणजे बादलीही आपणच पुरवतो!

थंडीचं काय? फ्रीजला आपण जंतूंचं स्मशान समजतो. ती धर्मशाळा आहे. बहुतेक जंतू तिथे झोपतात, मरत नाहीत. लिस्टेरिया तर झोपतही नाही, चार अंशांवरही हळूहळू वाढतो. थंडीने आवरण थिजू नये म्हणून तो आवरणातले स्निग्ध पदार्थच बदलतो, तुपात तेल मिसळलं की ते पातळ राहतं तसं. २०१७-१८मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार मांसपदार्थातून तो पसरला. हजाराहून अधिक माणसं आजारी पडली, दोनशेहून अधिक दगावली. त्यांत तान्ही मुलं पुष्कळ होती, कारण गरोदर बाईच्या वारेतून तो बाळापर्यंत पोहोचतो.

आता येतो आमच्या मसालेभाताकडे. बॅसिलस सिरियस हा मातीतला जंतू तांदळाबरोबर घरात येतो. तो सावरासावर करत बसत नाही. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होऊन बसतो. भात उकळला तरी हे बीजाणू उकळत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात. आणि जागं होऊन पाहतात तर काय? शेजारपाजारचे सगळे जंतू शिजून मेलेले, समोर भाताचा डोंगर, आणि ऊब अशी की सोडवत नाही. पातेल्याच्या कडेचा भात निवतो, पोटातला तासन्‌तास कोमट राहतो. साठ अंशांपासून पाच अंशांपर्यंतचा पट्टा म्हणजे जंतूंची दिवाळी. वीस मिनिटांत दुप्पट होणारा जंतू धरा. एकाचे सात तासांत वीस लाखांवर होतात. मास्तर असते तर त्यांनी हे तोंडी करून दाखवलं असतं. मटणाच्या मोठ्या हंड्यात रमणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स तर सोयीच्या तापमानाला दहा मिनिटांतच दुप्पट होऊ शकतो.

आणि फोडणी? सकाळच्या फोडणीने जंतू मेलेही असतील. पण तोवर त्यांनी भातात विष सोडलेलं होतं. ओकाऱ्या आणणारं हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आमची फोडणी कोण लागून गेली! पेढ्या-बर्फीत हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचं विषही असंच आचेला दाद देत नाही. म्हणून ‘परत उकळलं की झालं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. उकळून जंतू मरतो, त्याचं कर्म मागे राहतं.

दुसऱ्या मुद्द्याचं सार एवढंच. पूर्ण आच, पूर्ण थंडी, पूर्ण आंबट यांना जंतू घाबरतो. अर्धवटाला घाबरत नाही. अर्धवट म्हणजे त्याची शाळा. आणि या शाळेतून टक्केटोणपे खाऊन बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे कुठे जातो? आपल्या पोटात.

तिसरा मुद्दा, पोटातला.

आपलं शरीरही एक स्वयंपाकघरच आहे. जठरात चिंचेला लाजवेल असं आम्ल. पुढे लहान आतड्यात पित्त, जे जंतूच्या आवरणाला साबणासारखं लागतं. सदतीस अंशांची ऊब, लोहाची टंचाई, आणि भिंतीपलीकडे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. म्हणजे बाहेर जो छळ झाला त्याचीच पुढची आवृत्ती. बाहेर जो आंबटाला सरावला त्याला जठराचं काय अप्रूप?

जंतूंच्या आम्लसहनशक्तीत केवढा फरक असतो पाहा. कॉलऱ्याचा जंतू आम्लाला फार नाजूक आहे. निरोगी माणसाला आजारी पाडायला तो कोट्यवधींच्या संख्येने गिळला जावा लागतो. मात्र आधी सोडा घेऊन आम्ल मारलेलं असेल तर त्याच्या कितीतरी कमी संख्येत काम भागतं. उलट रक्ती हगवणीचा शिगेला आम्लाला इतका चिवट की दहा ते शंभर जंतू पुरतात. म्हणून सांगतो, ॲसिडिटीच्या गोळ्या जे वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खातात, त्यांनी आपण पहिल्या दाराचा पहारेकरी रजेवर पाठवला आहे हे लक्षात ठेवावं. डॉक्टरांनी दिल्या असतील तर जरूर घ्या, सवय म्हणून नको.

पण जंतू नुसता तग धरतो असं नाही. तो वाचतो. म्हणजे वाचन करतो. लोकलने तांबरमहून येताना सैदापेठ गेलं की मांबळमला उतरणारे दाराशी सरकतात ना? पाटी दिसायच्या आधीच. तसं जंतूचं आहे. आम्ल लागलं, जठर आलं. पित्त लागलं, आतडं आलं. ऊब लागली, माणूस आला. लिस्टेरियात याची फार देखणी सोय सापडली आहे. त्याच्या रोगकारक यंत्रणेचा हुकूम ज्या रेणूवर लिहिलेला असतो तो थंडीत घडी घालून मिटलेला असतो. सदतीस अंशांना ती घडी उलगडते आणि हुकूम वाचला जातो. फ्रीजमध्ये साधू, पोटात गेला की शिपाई.

साल्मोनेला त्याच्याही पुढचा. पांढरी पेशी त्याला गिळते, आम्लाच्या कोठडीत टाकते, पोषण तोडते. आगीतून फुफाट्यात. पण त्याच्याकडे या कोठडीची ओळख पटवणारी एक जोडयंत्रणा आहे. आम्ल, मॅग्नेशियमची टंचाई आणि शरीराने सोडलेली जंतुनाशकं यांचीच ती खूण मानते, आणि हत्यारं बाहेर काढते. ज्या कोठडीत त्याला मारायचं होतं तिथेच तो संसार थाटतो.

आणखी एक खोडी ऐका. साल्मोनेला आतड्यात शिरून जाणूनबुजून दाह पेटवतो. का? आपल्या आतड्यात आधीच कोट्यवधी पोटभाडेकरू आहेत, त्यांच्या गर्दीत त्याला जागा नाही. दाह झाला की शरीर लढायला जे तीव्र पदार्थ सोडतं, त्यांच्यामुळे आतड्यातल्या गंधकाच्या संयुगांचं टेट्राथायोनेट होतं. ते वापरून साल्मोनेला ‘श्वास’ घेतो, इतर बहुतेकांना ते जमत नाही. २०१०मध्ये हे उघड झालं. म्हणजे जुलाब, कळा, ताप ही आपण त्याच्याविरुद्ध पेटवलेली आग, आणि त्याच आगीवर तो आपली पोळी भाजून घेतो!

मग जंतू दुष्ट आहे का? मला तसं वाटत नाही. त्याला आपल्याला आजारी पाडायचं नसतं, त्याला टिकायचं असतं. त्याच्या टिकण्याला आपण आजार म्हणतो.

कुणीतरी मनात म्हणत असेल, सगळेच जंतू असे टणक असतात का? नाही. कॅम्पिलोबॅक्टर नाजूक प्रकृतीचा आहे. हवेतला पुरा प्राणवायू त्याला सोसत नाही, अन्न बाहेर ठेवलं तर त्यात तो वाढतही नाही, आणि मघाचा तो सिग्मा एस नावाचा कोतवाल त्याच्याकडे नाही. तरी शेकड्यांच्या संख्येत पोटात गेला तरी पुरतो. त्याचं बळ वेषात आहे. त्याच्या काही जातींच्या आवरणावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी दिसते. शरीर त्याच्यावर शस्त्र उगारतं आणि घाव स्वतःच्याच नसांवर पडतो. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, एकूण आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या तपासणीत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते, आणि सुरुवात झाली होती साध्या जुलाबांनी.

वेषाचा विषय निघालाच आहे, तर चौथ्या मुद्द्याकडे वळू.

ऑक्टोबर १९९२, मद्रास. तेव्हा शहराचं नाव मद्रासच होतं. इथे पटकीसारखे जुलाब झालेले रुग्ण येऊ लागले. लक्षणं कॉलऱ्याची, जंतूही कॉलऱ्याचा, पण तपासणीत ‘कॉलरा नाही’ असं उत्तर येत होतं. कॉलऱ्याच्या साथी आणणारा गट म्हणजे ‘ओ-१’. जंतूच्या अंगरख्यावरची ती खूण. तोवर अशा १३८ खुणा ठाऊक होत्या, आणि ओ-१ सोडून इतर सगळे साथ न आणणारे समजले जात. मद्रासचा हा जंतू त्या १३८पैकी एकाही खुणेत बसेना. त्याला नवा क्रमांक द्यावा लागला: ओ-१३९. काही महिन्यांत तो बंगालच्या उपसागराच्या काठाकाठाने कलकत्ता आणि बांगलादेशात पोहोचला, म्हणून त्याला ‘बेंगॉल’ हे टोपणनाव पडलं. आणि तो कुणाला गाठत होता? मोठ्या माणसांनासुद्धा. ज्यांच्या अंगात जुन्या कॉलऱ्याविरुद्धची ताकद तयार झाली होती, त्यांनाही. कारण ती ताकद जुना अंगरखा ओळखत होती.

तपासात काय निघालं? जंतू जुनाच होता, एल टॉर कुळातला. त्याने कात टाकली होती. खूण बनवणारी जनुकं टाकून त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी जंतूची जनुकं अंगावर घेतली होती, वर एक जादा आवरणही चढवलं होतं. आतलं विष तेच, जे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९मध्ये शोधून काढलं होतं. गंमत अशी की ते विषही मुळात कॉलऱ्याच्या जंतूचं स्वतःचं नाही. ते त्याला एका विषाणूने दिलं, हे १९९६मध्ये कळलं. उसन्या विषावर उसना अंगरखा!

पण ही देवघेव होते कुठे? या प्रश्नाचं उत्तर मिळायला पुढची दहापंधरा वर्षं लागली, आणि ते उत्तर मला मरीना बीचवर फिरताना नेहमी आठवतं. कॉलऱ्याचा जंतू मुळात खाडीतला. तिथे तो खेकड्यांच्या, कोळंबीच्या आणि सूक्ष्म प्लवकांच्या कवचांवर राहतो. ही कवचं काइटिनची असतात. काइटिनवर बसला की या जंतूत एक वेगळंच कौशल्य जागं होतं: आजूबाजूला मरून पडलेल्या जंतूंची जनुकं उचलून स्वतःत घ्यायची. असं काइटिनवर बसवून ओ-१ जंतूला ओ-१३९ करता येतं, हे २००७मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. खेकड्याच्या टाकून दिलेल्या कवचावर कपडे बदलण्याची खोली!

मद्रासच्या त्या साथीतला एक जंतू जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, त्याचं नाव एमओ-१०. त्याच्यात आणखी एक गाठोडं सापडलं, ‘एसएक्सटी’ नावाचं. सल्फा, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन अशा औषधांना दाद न देण्याची जनुकं त्यात बांधलेली. हे गाठोडं जंतू शेजाऱ्याला देऊ शकतो. तो ते कधी देतो? २००४मध्ये त्याचं उत्तर मिळालं: जनुकांना इजा झाली की. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने जंतूची जनुकं तुटू लागली की तो धोक्याची घंटा वाजवतो, आणि त्या घंटेवर गाठोडं सुटून शेजाऱ्याकडे जातं. घर पेटल्यावर माणूस आधी दागिन्यांचा डबा खिडकीतून शेजाऱ्याच्या हातात देतो, तसं.

म्हणून जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या मागून घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही जंतूला छळता, पण मारत नाही. ई. कोलायच्या काही जातींत तर औषधाच्या झटक्याने विष जास्तच बाहेर पडतं, म्हणून डॉक्टरसुद्धा तिथे जपून पावलं टाकतात. २०११मध्ये जर्मनीत असाच एक ई. कोलाय मोड आलेल्या बियांतून पसरला. तीन हजारांहून अधिक माणसं आजारी, पन्नासच्या आसपास मृत्यू, कित्येकांची मूत्रपिंडं बंद पडली. बिया कशाच्या होत्या? मेथीच्या. मोडाची उसळ करणाऱ्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उसळ शिजवतो म्हणून आपण सुटतो. मोड कच्चे खाल्ले की सुटकेची हमी नाही.

आता समारोप, आणि राखून ठेवलेली साडी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात, ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं असतात. यावर सरकार काय करतं? कधी कायदा करतं. तामिळनाडूने एप्रिल २०२५मध्ये कच्च्या अंड्यांच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. ते योग्यच होतं, कारण कच्चं अंडं, थोडंसं व्हिनेगर आणि चेन्नईचं ऊन यांत अर्धवट आंबटाची शाळा भरते. पण घरातल्या पातेल्यावर कुठला निरीक्षक येणार?

बांगलादेशातल्या बायकांनी काय केलं ते सांगतो. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने तिथल्या खेड्यांत बायकांना सांगितलं, पाणी भरताना घागरीच्या तोंडावर जुनी सुती साडी अनेक पदरी घडी करून धरा. कॉलऱ्याचा जंतू इतका बारीक की तो साडीतून सहज जाईल. पण तो बसलेला असतो प्लवकांच्या कवचावर, आणि प्लवक साडीत अडकतात. २००३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला. मात्र साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे फुगले की भोकं बारीक होतात. तेव्हा खुर्चीखालच्या नव्या कांजीवरमचा या कामी काही उपयोग नाही. दिवाळीला नेसा.

त्या बायकांनी जंतू मारला नाही, छळलाही नाही. तो कुठे बसतो ते ओळखलं आणि त्याची बसायची जागाच पाण्यातून काढून घेतली. शिकायला त्याला काही मिळालंच नाही.

मास्तर तेच करत होते. उकळल्यावर बीजाणू मरत नाहीत हे त्यांना ठाऊक नसेल. भात परातींत पसरला की तो लवकर निवतो, आणि निवण्याच्या वाटेवरचे ते कोमट तास उरत नाहीत, हे गणिताच्या माणसाला पुरेसं होतं. म्हणून थोडक्यात सांगतो. गरम ते वाफाळतं ठेवा, थंड ते गार ठेवा. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ मधल्या उबेत ठेवू नका. मोठं पातेलं लहान करा. आणि जुलाब झालेच तर गोळीच्या आधी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्या, आणि डॉक्टर गाठा.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. खाली जेवण तयार आहे आणि मसालेभात आहे, असं मी येतानाच विचारून घेतलं. पोटभर जेवा, माझ्या व्याख्यानाने भूक मारून घेऊ नका. ताजा गरम भात कुणाचं वाईट करत नाही. पण शेवटची पंगत उठली आणि पातेल्यात भात उरला, की कुणीतरी आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहायला हवं. मास्तर आता नाहीत. यंदा मी उभा राहतो. पुढच्या वर्षीसाठी मात्र आत्ताच हात वर करा.